थकलेले पण आनंदी

प्राणेश अथणीकर तिसऱ्या वर्षीही तात्पुरताच होता. बंगळूरच्या बसवनगुडीतल्या ज्या इंग्रजी शाळेत तो सातवीला इंग्रजी शिकवायचा, तिथली घंटा कायम होती, ती वाजवणारा शिपाई कायम होता, आणि जिन्याखालची पाण्याची टाकी गळायची तीसुद्धा कायमच. प्राणेश मात्र दर जूनमध्ये नव्यानं नेमला जाई आणि दर एप्रिलमध्ये शांतपणे कमी होई. मधल्या उन्हाळ्यात तो बेकार असे, पण सुट्टी सगळ्यांनाच असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नसे.

यंदा हेडमास्तरांनी शब्द दिला होता. हेडमास्तर नागनाथ आवाज कधी चढवत नसत. साखर विरघळावी तसे बोलत. "वर्ष नीट जाऊ दे, अथणीकर. मग कायमचा कागद काढू." नीट म्हणजे कसं, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यामुळे प्राणेश सगळ्याच बाबतीत नीट वागत होता आणि त्यात दमत होता.

कागद निघाला नाही तर काय, हे घरात ठरलेलं होतं. अथणीला थोरल्या भावाचं खताचं दुकान होतं. गल्ल्याच्या बाजूला एक स्टूल त्यानं रिकामं ठेवलं होतं, आणि दर पत्राच्या शेवटी तो लिहायचा, 'तुझी जागा आहेच.' हे वाचलं की अहल्या, म्हणजे प्राणेशची बायको, पत्र उलटं घालून ठेवायची. तिला बंगळूर आवडत होतं असं नाही. पण युरियाच्या पोत्यांमागे एम. ए. झालेला नवरा बसलेला तिला बघायचा नव्हता.

"काढला का कागद?" ती संध्याकाळी विचारायची.

"वर्ष नीट जाऊ दे म्हणालेत."

"जातंय ना?"

"आत्तापर्यंत तरी."

ऑक्टोबरच्या सुट्टीत इंग्रजीच्या शिक्षकांचं एक शिबिर झालं. परदेशातून आलेल्या एका बाईंनी पारदर्शक कागदावर लिहून, ते यंत्रानं भिंतीवर पाडून दाखवलं, की जे घडलं ते घडलं त्या क्रमानं सांगणाऱ्या मजकुराला रिकाउंट म्हणतात. आधी कोण, कुठे, कधी. मग काय काय झालं, ओळीनं. शेवटी, कसं वाटलं. प्राणेश आजवर ज्याला सहलीचा निबंध म्हणत होता त्याला जगात असं भारदस्त नाव आहे, हे कळल्यावर त्याला गावातला एखादा दूरचा काका आमदार झाल्यासारखं वाटलं. बाई म्हणाल्या, मुलांना असा मजकूर वाचायला शिकवा. मुलांनी मजकुराला प्रश्न विचारले पाहिजेत. प्राणेशनं ते वहीत उतरवून घेतलं.

शाळेत आल्यावर त्यानं त्याला आपल्या पदरचा एक नियम जोडला. उत्तर परिच्छेदात असतं. परिच्छेदाबाहेरचं उत्तर म्हणजे चूक. हा नियम त्या बाईंचा नव्हता, पण पेपर तपासायला त्या थोड्याच येणार होत्या.

पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदात इंग्रज मुलं समुद्रावर जातात आणि सँडविच खातात. मुलांनी काय खाल्लं, या प्रश्नाला सगळ्या वर्गानं सँडविच लिहिलं. भार्गवीनं पुळियोगरे, म्हणजे चिंचेचा भात, लिहिलं.

भार्गवीचे पणजोबा की त्यांचे वडील कधीतरी महाराष्ट्रातून इकडे आले होते. घरात मराठी बोलत, पण त्या मराठीत अर्ध्याला अर्धी कन्नड मिसळलेली. आईचं, कस्तुराबाईंचं, गांधी बाजारात ब्लाउज शिवायचं दुकान होतं.

"पुळियोगरे कुठे आहे परिच्छेदात?" प्राणेशनं विचारलं. इंग्रजीत विचारलं, कारण शाळेच्या आवारात इंग्रजीखेरीज काही बोललं की दंड होता.

भार्गवी खूप वेळ शब्द जुळवत राहिली. मग म्हणाली, लांब जायचं असलं की तोच भात टिकतो, सर.

वर्ग हसला. तिचं म्हणणं भाताच्या बाजूनं बरोबर होतं, पण परिच्छेदाच्या बाजूनं चूक. प्राणेशनं लाल फुली मारली आणि नियम पुन्हा सांगितला. भार्गवीनं मान डोलावली. नियम सांगितला की ती पाळायची, तिची अडचण फक्त न सांगितलेल्या नियमांची होती.

पण समुद्र आणि सँडविच मुलांना जवळचं वाटेना, म्हणून डिसेंबरात प्राणेशनं स्वतःच एक परिच्छेद लिहिला. संक्रांतीनंतर सातवीची सहल बन्नेरघट्टाच्या प्राणिसंग्रहालयाला जायची होती, तर विषय तोच घेतला. सहल व्हायच्या आधी सहलीचा वृत्तान्त तयार झाला, याचं शाळेत कुणाला नवल वाटलं नाही. गॅदरिंगचा अहवालही तिथे गॅदरिंगच्या आधीच छापून येत असे.

परिच्छेद छोटा होता. गेल्या शनिवारी आम्ही बन्नेरघट्टाला गेलो. बसमध्ये आम्ही गाणी म्हटली. आम्ही वाघ, अस्वल आणि मोर पाहिले. आम्ही झाडाखाली डबे खाल्ले. निघण्यापूर्वी आमच्या इंग्रजीच्या सरांनी आम्हाला दोनदा मोजले. आम्ही थकलेले पण आनंदी घरी परतलो.

मोजण्याचं वाक्य त्यानं भूतकाळाच्या सरावासाठी घातलं होतं. त्यात थोडं आपणही दिसावं असा हेतू नव्हताच असं म्हणता येणार नाही. शेवटचं वाक्य त्याला त्याच्या अथणीच्या मास्तरांनी शिकवलं होतं आणि त्यांना त्यांच्या मास्तरांनी. टायर्ड बट हॅपी. पहिल्यांदा तसं घरी कोण परतलं होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

उल्काचं अक्षर चांगलं, म्हणून तिच्याकडून तो परिच्छेद मोठ्या तक्त्यावर लिहवून वर्गात टांगला. हेडमास्तर फेरीवर आले, थांबले, वाचला. "फार छान. मुलांना प्रार्थनेनंतर एकदा मोठ्यानं म्हणायला लावा. इंग्रजी तोंडात बसतं." त्या दिवसापासून सातवी रोज सकाळी एका सुरात बन्नेरघट्टाला जाऊन थकलेली पण आनंदी परत येऊ लागली. महिनाभरात शिपायालाही पाठ झालं.

मग खरी सहल गेली.

खऱ्या सहलीत वाघ पाठ करून झोपला होता आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. अस्वल बाहेर आलंच नाही. मोर तिकिटाच्या खिडकीवर रंगवलेला होता. गाणी बसच्या टेपनं म्हटली. हेडमास्तर सोबत आले होते, कारण ट्रस्टच्या सेक्रेटरींनी या वेळी मुलांकडे जातीनं लक्ष द्या असं सांगितलं होतं. ते ड्रायव्हरशेजारच्या सीटवर रुमाल घालून बसले आणि तिथून लक्ष देत राहिले.

परत निघायच्या वेळी अद्वैतनं गडबड केली. अद्वैतचे आईवडील दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेले. वडील व्हाइटफील्डच्या बाजूला एका कॉम्प्युटर कंपनीत, आई श्वेता शाळेच्या पालक समितीवर. बाहेरचं काही खायचं नाही असा त्याला घरून सक्त हुकूम होता, म्हणून त्यानं फाटकाजवळच्या गाडीवर तिखट लावलेली काकडी लपूनछपून आणि त्यामुळे जास्तच खाल्ली होती. बसच्या पायरीवर पाय ठेवल्या ठेवल्या ती सगळी शर्टावर आली. प्राणेश त्याला घेऊन बसच्या मागच्या चाकाजवळ गेला आणि बाटलीतल्या पाण्यानं शर्ट धुऊ लागला.

"सर, आईला सांगू नका हां," अद्वैत कुडकुडत म्हणाला.

"नाही सांगत. हात वर कर."

तेवढ्यात पुढे हेडमास्तरांनी हजेरीचा कागद काढला आणि मान वर न करता नावं घ्यायला सुरुवात केली. आता त्या वर्गात एक रीत होती. कुणी नळावर गेलं असलं की बाकावरचा सोबती त्याच्याही नावाला 'येस सर' म्हणायचा. मैत्रीचं ते किमान कर्तव्य समजलं जाई. प्राणेशला हे ठाऊक होतं, आणि नळ लांब असल्यामुळे तो त्याकडे काणाडोळा करायचा. हेडमास्तरांना ठाऊक नव्हतं, कारण ते सातवीची हजेरी आयुष्यात पहिल्यांदा घेत होते. भार्गवी डबा धुवायला नळावर गेली होती. तिचं नाव आलं. उल्का 'येस सर' म्हणाली. बस सुटली. पुढच्याच वळणावर उल्का मान खाली टाकून झोपून गेली.

शाळेच्या फाटकाशी पालक उभे होते. सगळी मुलं उतरली, आणि कस्तुराबाई बसच्या पायरीकडे बघत राहिल्या. मग आत चढून प्रत्येक सीटखाली बघून आल्या.

"मास्तर, माझी पोर?"

प्राणेशनं ड्रायव्हरला बस पुन्हा सुरू करायला सांगितली. तो त्याच बसनं परत गेला, कस्तुराबाईंना घेऊन. सगळा रस्ता त्या मांडीवरचा पदर घड्या घालून उलगडत होत्या. भार्गवी तिकिटाच्या खिडकीमागे राखणदाराच्या स्टुलावर बसलेली सापडली. अंधार पडला होता. राखणदारानं तिला भाजलेल्या शेंगा दिल्या होत्या, त्या तिनं मुठीत तशाच धरल्या होत्या.

"डबा घासला," ती आईला म्हणाली.

सोमवारी कस्तुराबाई शाळेत आल्या. दुकान बंद ठेवून आल्या होत्या, खांद्यावर मापाची टेप तशीच होती. "सर, मला भांडायचं नाय. फी परत नको, माफी नको. मोजलं कोण ते सांगा. बस्स. त्या माणसाच्या हातात पोर देणार नाय पुन्हा."

हेडमास्तरांनी त्यांना पाणी दिलं. "अगदी बरोबर बोलताय, अम्मा. चौकशी करू."

कस्तुराबाई गेल्यावर प्राणेश म्हणाला, "सर, त्या वेळी हजेरी तर आपणच..."

"मी?" हेडमास्तर खरंच चकित झाले. एवढे खरे चकित झाले की क्षणभर प्राणेशलाच शंका आली. "अथणीकर, मी पाहुणा म्हणून आलो होतो. वर्ग तुमचा. पण आपण कशाला बोलायचं? मुलं आहेत ना. मुलं खोटं बोलत नाहीत. मुलांनाच विचारू."

प्राणेशच्या मनावरचं ओझं तिथेच उतरलं. सगळ्या वर्गानं पाहिलं होतं. मुलांनाच विचारणार असतील तर प्रश्नच मिटला.

"काय म्हणाले?" अहल्यानं विचारलं.

"मुलांना विचारणार आहेत."

"मग सुटलास."

"हो," तो म्हणाला, आणि त्या रात्री भात दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सातवीला सहज विचारलं. परवा बन्नेरघट्टाला निघताना काय काय झालं, कोण सांगेल? सगळे हात वर झाले. त्यानं मल्हारला उठवलं. मल्हार हाताची घडी घालून उभा राहिला आणि म्हणाला की निघण्यापूर्वी आमच्या इंग्रजीच्या सरांनी आम्हाला दोनदा मोजले.

प्राणेशनं तक्त्याकडे बोट केलं. "तो परिच्छेद झाला. मी खऱ्या सहलीचं विचारतोय."

मल्हारनं तक्त्याकडे बघितलं, मग सरांकडे. "येस सर. बिफोर लीव्हिंग..."

प्राणेशनं तक्ता काढून गुंडाळला आणि कपाटात ठेवला. भिंतीवर तक्त्याच्या जागी एक स्वच्छ चौकोन उरला. वर्ग त्या चौकोनाकडे बघून तेच म्हणू लागला.

त्या आठवड्यात त्यानं जे करता येईल ते केलं. फळ्यावर लिहिलं, घडलेलं सांगा. परिच्छेद विसरा. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. उल्कानं विचारलं, विसरायचा म्हणजे परीक्षेला येणार नाही का, सर? अद्वैतला त्यानं मधल्या सुट्टीत गाठलं. अद्वैत आधीच रडकुंडीला आला. शर्ट कारंज्यात भिजला असं त्यानं घरी सांगितलं होतं आणि बन्नेरघट्टाला कारंजंच नव्हतं, ही काळजी त्याला वेगळीच लागली होती. "सर, तुम्ही प्रॉमिस केलेलं," तो म्हणाला. केलं होतं खरं.

राहिली भार्गवी. ती त्याला जिन्याखाली, गळक्या टाकीशी भेटली. तिथे टाकीच्या आवाजात बोलणं ऐकू जात नसे, म्हणून दंड न भरता बोलायची ती शाळेतली एकच जागा होती.

"भार्गवी," प्राणेश मराठीत म्हणाला, "त्या दिवशी काय झालं गं?"

तिनं आधी मागेपुढे बघितलं. मग सांगू लागली. "मी डबा धुवाया गेलते सर. साबू नव्हता म्हणून माती लावून घासला, म्हणून स्वल्प लेट झालं. तिकडनं बस दिसत होती. तुमी मागल्या चाकाकडं अद्वैतला धुवत होता. त्याचं बनियान फाटकं आहे. हेडमास्तर सर पुढं बसून कागद वाचत होते, चष्मा कपाळावर. मी म्हटलं अजून नावंच चाललीत, सावकाश जाऊ. मग डब्याचं झाकण सापडेना. झाकण सापडलं तर बस नव्हती. मी पळाले नाही, आई म्हणते हरवलं की तिथंच उभं राहायचं. राखणदार अण्णांनी शेंगा दिल्या. माकडं लई होती. मी झाकण घट्ट धरलं."

प्राणेश ऐकतच राहिला. कोण, कुठे, कधी. आधी काय, मग काय. एवढा सरळ, एवढा भरलेला रिकाउंट त्यानं शिबिरातही ऐकला नव्हता. त्या बाईंनी हा भिंतीवर पाडून दाखवायला हवा होता.

"हेच सांगायचं," तो म्हणाला. "शुक्रवारी विचारतील तेव्हा हेच. जे झालं तेच सांगायचं असतं. लिहायचंही तेच. कळलं?"

"सरी, सर," भार्गवी म्हणाली. तिच्या घरी 'बरं'ला कन्नडमधलं 'सरी' म्हणत.

शुक्रवारी हेडमास्तरांच्या खोलीत चौकशी बसली. मध्ये सेक्रेटरी, एका बाजूला बँकेतून निवृत्त झालेले एक विश्वस्त, दुसऱ्या बाजूला पालकांतर्फे श्वेता, आणि लिहून घ्यायला स्वतः हेडमास्तर, कारण त्यांचं इंग्रजी चांगलं होतं. प्राणेशला दाराजवळची खुर्ची मिळाली. कस्तुराबाई बाहेर व्हरांड्यात बसल्या होत्या.

बसण्याआधी श्वेता त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका हं. फॉर्मॅलिटी आहे. अद्वैत तर इतका एन्जॉय करून आला. मी विचारलं, काय काय केलंस? तर सगळं इंग्लिशमध्ये सांगितलं त्यानं, फटाफट. मी तर शॉकच झाले. सगळं तुमचं क्रेडिट."

प्राणेश थँक यू म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

मुलं एकेक करून येऊ लागली. हाताची घडी, ताठ मान. परवाच्या शनिवारी काय झालं? गेल्या शनिवारी आम्ही बन्नेरघट्टाला गेलो. वाघ, अस्वल, मोर. मग कुणी मोजलं? आमच्या इंग्रजीच्या सरांनी. दोनदा. अद्वैत आला, त्यानं आईकडे बघत परिच्छेद म्हटला आणि शेवटच्या वाक्याला हसूनही दाखवलं. उल्का आली. मुलामुलांत एका शब्दाचा फरक नव्हता.

"वंडरफुल," विश्वस्त म्हणाले. "माझ्या नोकरीत एवढे साक्षीदार एकसारखं बोलताना मी पाहिले नाहीत."

"सर," प्राणेश उठून म्हणाला, "हा मी लिहिलेला परिच्छेद आहे. सहलीच्या आधी. त्यांना तो पाठ आहे."

सेक्रेटरींनी त्याच्याकडे प्रेमानं बघितलं. "म्हणजे मोजणार तुम्ही, हे आधीपासून ठरलेलंच होतं."

"तसं नाही सर. ते वाक्य भूतकाळासाठी होतं."

"भूतकाळाचंच चाललंय," सेक्रेटरी म्हणाले.

प्राणेश खाली बसला. तेवढ्यात हेडमास्तरांनी मऊ आवाजात भार्गवीला हाक मारली.

ती आत आली. आईनं आज दोन वेण्या फार घट्ट घातल्या होत्या, त्यामुळे भुवया वर ओढल्या गेल्या होत्या आणि चेहरा आधीच चकित दिसत होता. तिनं प्राणेशकडे बघितलं. त्यानं मान हलवली, सांग.

भार्गवीनं तोंड उघडलं. "मी डबा..."

"इन इंग्लिश, चाइल्ड," हेडमास्तर म्हणाले. "डोन्ट बी अफ्रेड."

"सर, तिला मराठीत सांगू दे," प्राणेश पुन्हा उठला. "श्वेता मॅडमना कळतं. त्या सांगतील."

श्वेतानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "हो, म्हणजे मला काही प्रॉब्लेम नाही. पण त्यांच्याकडची मराठी मला थोडी... आणि मिनिट्स इंग्लिशमध्ये आहेत ना? मुलीला कॉन्फिडन्स येऊ दे की. बोल बेटा, ट्राय कर."

भार्गवी उभी राहिली. तिच्याकडे राखणदार होता, माकडं होती, माती होती, झाकण होतं, कपाळावरचा चष्मा होता. त्यातलं एकही इंग्रजीत नव्हतं. इंग्रजीत तिच्याकडे बन्नेरघट्टाविषयी एवढंच होतं जेवढं सरांनी दिलं होतं. तिनं हाताची घडी घातली.

"लास्ट सॅटर्डे वी वेंट टू बन्नेरघट्टा," ती म्हणाली.

सगळं म्हटली. कुठे अडखळली नाही. सरांनी दोनदा मोजलं तिथे तिनं थोडा श्वास घेतला. आणि ज्या बसमध्ये ती नव्हती त्या बसमधून ती थकलेली पण आनंदी घरी परतली.

"हाऊ स्वीट," श्वेता म्हणाली. "किती फ्लुएंट आहे. अथणीकर सर, रिअली."

प्राणेशनं भार्गवीकडे बघितलं नाही. खिडकीतून व्हरांड्यातल्या कस्तुराबाई दिसत होत्या. आतून आपल्या मुलीचं इंग्रजी ऐकू आल्यावर त्यांची पाठ ताठ झाली होती आणि बाजूच्या बाकावर बसलेल्या बाईंना त्या खुणेनं सांगत होत्या, माझी.

निकाल सौम्य लागला. हेडमास्तरांनीच रदबदली केली. माणूस चांगला आहे, चूक कुणाच्याही हातून होते, दोनदा मोजूनही होते. कामावरून काढायचं नाही. कायमचा कागद यंदा नको, पुढच्या वर्षी बघू. कस्तुराबाईंना सांगण्यात आलं की मोजलं कुणी ते कळलेलं आहे आणि त्यांना योग्य ती समज दिलेली आहे. त्या प्राणेशसमोरून गेल्या तेव्हा थांबल्या. "तुमी परत आलता ना तिला आणायला," त्या म्हणाल्या. "म्हणून बोलत नाय." आणि गेल्या.

"पुढच्या वर्षी नक्की का?" अहल्यानं विचारलं.

"हे वर्ष नीट गेलं तर."

"अजून नीट?"

भावाचं पत्र आलं होतं, ते तिनं न फोडता कॅलेंडरमागे खोचून ठेवलं होतं. शेवटची ओळ दोघांनाही माहीत होती.

मार्चमध्ये वार्षिक परीक्षा आली. सातवीचा इंग्रजीचा पेपर या वेळी हेडमास्तरांनी स्वतः काढला. परिच्छेद म्हणून तोच तक्त्यावरचा, 'अवर एक्स्कर्शन' असं नाव देऊन, घातला. "मुलांना आवडतो," ते म्हणाले. "उत्तरसूची तुम्ही करा, परिच्छेद तुमचाच आहे. तपासलेले पेपर मात्र माझ्याकडे येऊ द्या. सेक्रेटरीसाहेब या वेळी बघणार आहेत."

प्राणेशनं उत्तरसूची केली. चौथा प्रश्न होता, मुलांना कुणी मोजले? त्यानं समोर लिहिलं, इंग्रजीच्या सरांनी, दोनदा. आता हाताला सवय झाली होती.

पेपर तो शिक्षकांच्या खोलीत बसून तपासत होता. बाहेर झाडाखाली पोरं ओरडत होती. मल्हारचा पेपर झाला, उल्काचा झाला, अद्वैतचा झाला. बरोबर, बरोबर, बरोबर. मग भार्गवीचा आला.

चौथ्या प्रश्नाला इतरांनी एक ओळ लिहिली होती. भार्गवीनं पानभर लिहिलं होतं. इंग्रजी असं होतं की प्रत्येक वाक्याचं एक हाड मोडलेलं. पण चालत होतं. हेडमास्तर सरांनी पुढच्या सीटवरून नावं घेतली. चष्मा वर होता. उल्का माझ्यासाठी येस म्हणाली. सर अद्वैतचा शर्ट धूत होते. मी झाकण शोधत होते. आधी काय, मग काय, ओळीनं. झाकणाला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला आलं नव्हतं, म्हणून तिनं तिथे झाकणाचं चित्र काढलं होतं. हे सगळं तिनं कधीपासून जुळवलं असेल, कुणाला विचारून, कुठल्या शब्दकोशात बोट घालून, याचा तो अंदाज करू लागला आणि मग त्यानं तो करणं सोडून दिलं.

शेवटचा प्रश्न होता, मुलांना कसं वाटलं? तिनं लिहिलं होतं, मी थकले नव्हते. मी आनंदी नव्हते. मी बसून होते.

प्राणेशनं लाल पेन टोपणात घातलं, काढलं, पुन्हा घातलं. अर्धा गुण देता येईल का, याचा त्यानं बराच विचार केला. पण अर्धा कशातला द्यायचा? बरोबर धरलं तर हा कागद उद्या हेडमास्तरांच्या टेबलावर जाणार, आणि त्यावर प्राणेश अथणीकरच्या हातची बरोबरची खूण असणार. भावाच्या दुकानातलं स्टूल त्याच्या डोळ्यांपुढे आलं. त्यावर कुणीतरी रोज फडकं मारत असावं, इतकं ते स्वच्छ दिसलं.

उत्तर परिच्छेदात नव्हतं. त्यानं फुली मारली. शेवटच्या उत्तरालाही मारली, कारण एकाला मारून दुसऱ्याला न मारणं बरं दिसलं नसतं.

निकालाच्या दिवशी भार्गवी पेपर घेऊन टाकीशी उभी होती. तो टाळून पुढे जाऊ शकला असता, पण जिना तोच होता.

"सर," ती हळू म्हणाली, "हे चूक आहे?"

"परिच्छेदात नाही ना ते."

"पण झालं तेच लिहायचं म्हणालात तुमी. इथंच. शब्द सगळे शोधले मी सर, एक झाकण तेवढं राहिलं."

"म्हणालो होतो."

"मग?"

टाकी गळत होती. प्राणेशनं पाण्याकडे बघितलं, पोरीच्या हातातल्या कागदाकडे बघितलं आणि त्याला एवढंच सुचलं.

"ते मराठीत म्हणालो होतो," तो म्हणाला.

भार्गवीनं क्षणभर विचार केला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एक नियम आजवर आपल्याला कुणी सांगितलाच नव्हता, तो आत्ता कळला, असं काहीतरी तिथे होतं. तो नियमही ती आता नीट पाळणार होती.

"सरी, सर," ती म्हणाली, आणि पेपरची घडी घालून वर्गात गेली.